गाविलगडावर नेलेला डबा

वाचता वाचता एक काम करा. मोबाइलमधला नकाशा उघडा आणि तुम्ही जिथं बसलाय तिथल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा. दोन आकडे येतील. वाशिम शहरात असाल तर पहिला २०.१ च्या आसपास आणि दुसरा ७७.१ च्या आसपास. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. नववीच्या भूगोलाचा पेपर दिला आणि ज्यांना आपण कायमचा रामराम ठोकला, तेच हे दोघं.

आता समजा, तुम्हाला कुणी असेच दोन आकडे पाठवले आणि म्हटलं, ‘या जागी एक डबा लपवलाय. शोध, आतल्या वहीत नाव लिही आणि डबा होता तसाच ठेवून ये.’ बक्षीस काही नाही. स्पर्धा नाही. फोटो टाकायची सक्तीही नाही. जाल?

जगभर लाखो लोक जातात. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. आज जगात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. कुठं पुलाखाली, कुठं झाडाच्या ढोलीत, कुठं डोंगरावरच्या जुन्या लष्करी बंकरच्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धाचे पडके बुरूज, तोफांचे चौथरे असलेल्या टेकड्या तर युरोप-अमेरिकेतल्या खेळाडूंच्या खास आवडीच्या. मी हे सगळं इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात वाचलं आणि त्या दिवशी माझ्या मोबाइलच्या नकाशावर वाशिम आणलं. आजूबाजूला एकही ठिपका दिसला नाही.

‘बघ, इथं कुणी काही लपवायलाही येत नाही,’ माझी मैत्रीण म्हणाली. तिला पुण्यात नोकरी लागली होती. मार्चमध्ये ती जाणार होती. आमच्या चौघांच्या ग्रुपमधली ती तिसरी. उरणार मी.

मग ठरलं. आपणच लपवायचा.

बीन्सचा डबा आणि २ मे २०००

हा खेळ नेमका कसा सुरू झाला ते आधी सांगते, कारण त्याची तारीखसुद्धा सांगता येते.

आपल्या मोबाइलमधलं जीपीएस हे मुळात अमेरिकेच्या लष्करानं स्वतःसाठी उभारलेलं. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरतात आणि प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो की मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे. तो संदेश तुमच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला यावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. असे किमान चार उपग्रह ‘दिसले’ की मोबाइल तुमची जागा काढतो. पण सर्वसामान्यांना मिळणाऱ्या संदेशात अमेरिका मुद्दाम चूक घालायची. त्यामुळे जागा शंभरेक मीटरनं इकडं-तिकडं दाखवली जायची. २ मे २००० ला ही मुद्दाम घातलेली चूक बंद झाली आणि एका रात्रीत सगळ्यांची यंत्रं कितीतरी पटीनं अचूक झाली.

दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉन राज्यात जंगलाच्या कडेला एक बादली ठेवली. आत वही, पेन्सिल आणि काही वस्तू. त्यात बीन्सचा एक डबाही होता. अक्षांश-रेखांश त्यानं इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांच्या आत लोक तिथं पोचलेसुद्धा. त्याच महिन्याच्या शेवटी ‘जिओकॅशिंग’ हे नाव मिळालं आणि सप्टेंबरपर्यंत या खेळाची वेबसाइट सुरू झाली.

म्हणजे बघा, युद्धासाठी बनवलेली यंत्रणा आणि तिच्यावर चालणारा लपाछपीचा खेळ. आपल्याकडेही कारगिलच्या युद्धानंतर स्वतःची अशी यंत्रणा हवी ही गरज तीव्रतेनं पुढं आली. १ जुलै २०१३ ला तिचा पहिला उपग्रह गेला. आज ती ‘नाविक’ नावानं ओळखली जाते. तुमचा मोबाइल नवा असेल तर कदाचित तिचेही उपग्रह वापरत असेल.

‘पिशवीत काय हाय?’

डबा कुठं लपवायचा यावर आमच्यात दोन दिवस भांडण चाललं. शेवटी मत पडलं गाविलगडाला. कारण साधं होतं. डोंगर हवा, पायवाट हवी आणि युद्धाची खूण हवी. आपल्या वऱ्हाडात हे तिन्ही एकत्र तिथं आहे.

डिसेंबरात आम्ही निघालो. वाशिमहून अकोला, पुढं परतवाडा. रात्री मित्राच्या आत्याकडे मुक्काम. आत्यांनी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. सकाळी घाट चढून चिखलदरा. थंडी एवढी की एसटीची खिडकी लावून घ्यायला कुणाला सांगावं लागलं नाही. माझ्या पिशवीत स्टीलचा एक जुना डबा, शंभर पानी वही, दोन पेन्सिली आणि एक चावीचं कीचेन. जगातला आपला पहिला डबा!

गडाच्या वाटेवर ड्युटीवर एक काका होते. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचं जंगल ते, प्लास्टिक कोण आत नेतंय यावर त्यांचं लक्ष.

‘पिशवीत काय हाय?’

‘डबा आहे काका.’

‘जेवनाचा?’

‘नाही. रिकामा. म्हणजे... वही आहे आत.’

काकांनी डबा उघडून पाहिला. मग आमच्याकडे पाहिलं. मी सगळा खेळ समजावून सांगितला, उपग्रहांपासून बीन्सपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

‘आनि कोनी हा डबा शोधाले वाट सोडून झाडीत गेलं, अन् तिथं अस्वल बसेल असलं तर?’

आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

‘पोट्टेहो, हा गड सरकारच्या राखनीत हाय. इथं दगड हलवाचा नाही, खड्डा कराचा नाही, काही ठिवून जावाचं नाही. बेवारस डबा दिसला तर मले वर कळवा लागते. पाहाले आले ना? मंग डोळे भरून पाहा.’

डबा परत पिशवीत गेला. मी खोटं बोलणार नाही, चेहरे पडले होते. दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आम्ही एक रिकामा डबा फिरवायला आणला होता. आणि खरं सांगायचं तर चूक आमचीच. घरी बसून खेळाचे नियम नीट वाचले असते तर पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की जागेच्या मालकाची परवानगी घ्या, जमिनीत पुरू नका, वन्यजीव आणि जुन्या वास्तूंना धक्का लागेल अशा ठिकाणी ठेवू नका.

भिंत फुटली, दार उघडलं

मग काकांनी सांगितलं तसं आम्ही गड पाहिला. आणि मी आता जे लिहिणार आहे ते वाशिममध्ये बारावीपर्यंत शिकूनही मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही माझ्याहून शहाणे.

गाविलगड हे नाव गवळ्यांवरून आलं असं सांगतात. आधी इथं गुराख्या-गवळ्यांची मातीची गढी होती आणि १४२५ च्या सुमारास अहमदशहा वली बहमनीनं दगडी कोट उभा केला. पुढं गड इमादशाही, निजामशाही, मोगल असे हात बदलत नागपूरकर भोसल्यांकडे आला.

१८०३ मध्ये दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव झाला. उरलेल्यांतले बरेच जण गाविलगडावर आले. त्यांच्या मागावर दोन इंग्रज तुकड्या. एकीचा प्रमुख आर्थर वेलस्ली, दुसरीचा कर्नल स्टीव्हन्सन.

गडाची दक्षिण बाजू सरळ कड्याची. तिकडून चढणं अशक्यच. उत्तरेकडून जमीन गडाला जोडलेली, पण तिथं पोचायला मेळघाटचे डोंगर ओलांडायचे. स्टीव्हन्सनच्या माणसांनी जंगलातून रस्ता करत अवजड तोफा ओढत नेल्या. १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे बांधले गेले, तोफा सुरू झाल्या. १५ डिसेंबरच्या सकाळी बाहेरच्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून फौज आत घुसली. पण आत आणखी एक भिंत होती आणि तिला खिंडार पडलेलंच नव्हतं. शेवटी कॅप्टन कॅम्बेल नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीनं शिड्या लावून ती चढली आणि आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांना कटक प्रांत द्यावा लागला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडच्या वऱ्हाडावरचा हक्कही सोडावा लागला. तो गेला निजामाकडे. वर्धेच्या पश्चिमेला कोण येतं? आपण. वाशिम, कारंजा, मंगरूळ, सगळं. तुमच्या-माझ्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांनी सारा कुणाला भरायचा हे त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना ठरलं. तो वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकानं गाविलगडच्या वेढ्यावर ‘शार्प्स फोर्ट्रेस’ नावाची अख्खी कादंबरी लिहिलीय. लंडनच्या लोकलमध्ये बसून कुणीतरी आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला गड वाचतंय आणि आम्ही मात्र चिखलदऱ्याला फक्त कॉफी प्यायला जातो.

आज गडावर पडक्या भिंती, तलाव, जुन्या तोफा आणि दगडी दरवाजे आहेत. एका दरवाजावर गंडभेरुंड कोरलाय, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी. त्यानं काय धरलंय ते मी सांगणार नाही, जाऊन पाहा. आणि त्याच दगडांवर बदाम आहेत. रंगानं काढलेले, टोकदार वस्तूनं कोरलेले. अमुक लव्ह तमुक, वर्ष सुद्धा घालून. माझ्या मित्रानं एक नाव मोठ्यानं वाचलं आणि गप्प झाला. नाव त्याच्याच आडनावाचं होतं.

मला तिथं कळलं की काकांनी डबा का अडवला. ज्यानं हे बदाम काढले त्यालाही हेच वाटलं असणार, आपली काहीतरी खूण इथं राहावी. आमची खूण स्टीलची होती, एवढाच फरक.

नकाशा आधी कुणी काढला?

परतीच्या एसटीत मी मोबाइलवर वाचत बसले आणि एक भलताच धागा हाती लागला.

वेलस्लीच्याच पलटणीत, तेहतिसाव्या रेजिमेंटमध्ये, विल्यम लॅम्टन नावाचा अधिकारी होता. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत दोघंही होते. लढाईनंतर लॅम्टननं वेगळाच ध्यास घेतला. अख्खा हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजायचा. १० एप्रिल १८०२ ला त्यानं मद्रासजवळ पहिली सरळ रेषा साखळीनं मोजायला घेतली. त्या एका रेषेच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीचा कोन घ्यायचा, त्रिकोण पूर्ण करायचा, मग त्या त्रिकोणाच्या बाजूवर पुढचा त्रिकोण. टेकडीवरून टेकडीवर. कोन मोजायचं यंत्र होतं सुमारे अर्धा टन वजनाचं, ते माणसं उचलून न्यायची.

वीस वर्षं हे काम करत करत लॅम्टन उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ ला मेला तो आपल्या विदर्भातच. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथंच आहे. त्याचं अर्धवट काम ज्यानं पुढं नेलं त्याचं आडनाव एव्हरेस्ट.

म्हणजे एकाच पलटणीतले दोघं. एकानं गड फोडला, दुसरा टेकड्या मोजत मोजत आपल्याकडे आला आणि इथल्या मातीत राहिला. दोघांचाही मालक एकच होता आणि नकाशे हे राज्य करण्यासाठीच हवे होते, यात शंका नको. पण आज आपण मोबाइलवर बोट दाबून जे दोन आकडे मिळवतो त्यासाठी तेव्हा माणसं डोंगर चढत होती, तापानं मरत होती. मी एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. प्रत्येक टेकडी आता वेगळी दिसत होती.

मामाला वाटलं पैसे

तर डबा. तो अजून रिकामाच होता.

जानेवारीत मी मामाकडे गेले. मालेगाव तालुक्यात त्याचं वावर आहे, आणि वावराच्या वरच्या अंगाला त्याच्याच मालकीची बरड टेकडी. पिकत काही नाही. गवत, गोटे, दोन-चार पळस आणि एक मोठं चिंचेचं झाड.

‘मामा, तुझ्या टेकडीवर जिओकॅश ठेवायचीय.’

‘कॅश?’ मामा ताठ बसला. ‘किती?’

पैसे नाहीत म्हटल्यावर त्याचा रस थोडा कमी झाला, पण त्यानं दोन अटी घातल्या. एक, डबा विहिरीच्या बाजूला नको, पोरं धावत येतील आणि पडतील. दोन, झाकणावर मराठीत मोठ्या अक्षरात लिही की हे काय आहे. ‘नाही तं बॉम्ब समजून कोनी पोलिसाले फोन करीन, अन् मले ठान्यात बसा लागीन.’

गडावरच्या काकांनीही हेच म्हटलं होतं. म्हणून आम्ही झाकणाच्या आत-बाहेर कागद चिकटवला. ‘घाबरू नका. हा खेळाचा डबा आहे. उघडा, वहीत नाव आणि तारीख लिहा, आतली वस्तू घ्यायची असेल तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवा, डबा परत इथंच ठेवा.’ खाली माझा नंबर.

जागा ठरवणं सोपं नव्हतं. तुम्ही प्रयत्न कराल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून सांगते. मोबाइलमधल्या आकड्यांत दशांशचिन्हानंतर दोनच अंक घेतले तर एक किलोमीटरपेक्षा जास्त फरक पडतो. चार अंक घेतले तर सुमारे अकरा मीटर. पाच घेतले तर साधारण एक मीटर. पण मोबाइल पाच अंक दाखवतो म्हणून ते खरे असतातच असं नाही. उघड्या आकाशाखाली चांगला मोबाइलसुद्धा चार-पाच मीटर चुकतो. दाट झाडाखाली, कड्याच्या कुशीत किंवा उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त, कारण संदेश अडतो नाही तर आदळून उशिरा पोचतो. म्हणून आम्ही एकाच जागी तीन वेगवेगळ्या वेळी आकडे घेतले आणि त्यांची सरासरी काढली.

डबा आम्ही चिंचेखाली नाही, तिच्यापासून थोडं वर दोन मोठ्या गोट्यांच्या सापटीत ठेवला. पुरला नाही, फक्त आत सरकवला. ओल लागू नये म्हणून वही दोन पिशव्यांत घातली. खायची वस्तू एकही ठेवली नाही, कारण वास लागला की मुंग्या, उंदीर, कुत्री सगळी येतात. सोबत एक इशारा तयार केला, ‘आंबट सावली जिथं संपते तिथं.’ मग मी ते आकडे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकले. अधिकृत वेबसाइटवर अजून टाकलेले नाहीत. तिथं डब्याची देखभाल कोण करणार हे सांगावं लागतं आणि स्वयंसेवक तपासून मगच मंजुरी देतात. आधी घरचाच खेळ जमतो का ते पाहायचं होतं.

चार शहाणे आणि एक शेळी

पहिल्या रविवारी चौघं गेले. दोन तास शोधून परत आले. ‘तू चुकीचे आकडे दिलेस.’ दुसऱ्या रविवारी तिघं गेले, चिंचेखालची सगळी जमीन पायानं चाचपली. नाही मिळाला. मोबाइलचा बाण एकदा डावीकडे पळतो, एकदा उजवीकडे. इशाऱ्यातली ‘आंबट सावली’ त्यांना कळली होती, पण सावली सकाळी एकीकडे संपते आणि दुपारी दुसरीकडे, हे आम्ही इशारा लिहिताना विसरलो होतो. आमच्यासारखे हुशार आम्हीच.

तिसऱ्या आठवड्यात मला अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज पोराचा.

‘ताई, तुमचा डबा सापडला.’

मी विचारलं, तू कोणत्या ग्रुपमधला?

‘ग्रुप नाही. मी शेळ्या चारतो. शनवारची शाळा सुटली का येतो इकडं.’

पोरगं सातवीतलं. मोबाइल त्याच्या आईचा. एक शेळी गोट्यांत तोंड घालून हटेचना म्हणून तो पाहायला गेला, तर आत डबा चमकला. तो घाबरला. मग झाकणावरचं वाचलं. मराठीत होतं म्हणून वाचलं. अख्खी टेकडी त्याची रोजची. कोणता गोटा हललाय, कोणतं गवत तुडवलंय, त्याला मोबाइलशिवाय दिसतं. पंधरा दिवस आमचे शहाणे उपग्रह घेऊन फिरत होते तेव्हा तो त्यांना लांबून पाहत होता. ‘मले वाटलं, कोनाची अंगठी हरपली.’

त्या रविवारी आम्ही सगळे गेलो. मैत्रीणही आली. तिची पुण्याची बॅग भरून झाली होती. डबा होता तिथंच होता. आतल्या वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं, रेघ सोडून, त्याचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि तारीख. वेळसुद्धा लिहिली होती. कीचेन त्यानं घेतलं होतं आणि तितक्याच मोलाचं काहीतरी ठेवायचं या नियमाला जागून त्याजागी एक गोटी ठेवली होती. निळी, आत पांढरा भोवरा असलेली.

मैत्रिणीनं ती गोटी बराच वेळ हातात धरली. मग परत ठेवली आणि वहीत त्या पोराच्या नावाखाली आपलं नाव लिहिलं. दुसरा क्रमांक. मग म्हणाली, ‘दिवाळीत येईन तेव्हा बघते किती नावं झालीत.’

‘इथं काय आहे’ असं ती त्या दिवशी एकदाही म्हणाली नाही. मीही आठवण करून दिली नाही.

परत येताना मला गाविलगडच्या नावाची आठवण झाली. मोठमोठे सरदार, तोफा, शिड्या, ड्यूक, कादंबरी हे सगळं नंतरचं. पहिल्यांदा तो डोंगर गवळ्यांनी ओळखला होता, गुरांच्या मागं फिरता फिरता. गडाला नाव त्यांचंच राहिलं.

तुम्हीही लपवणार असाल तर

आधी परवानगी. जमीन ज्याची त्याला विचारा. गड, लेणी, मंदिर, अभयारण्य इथं डबा ठेवू नका. तिथं खेळायचंच असेल तर बिनडब्याचा खेळ खेळा. जगभर तो चालतो. जागेवर जाऊनच उत्तर मिळेल असा प्रश्न तयार करा. उदाहरणार्थ, गाविलगडच्या दारावरच्या त्या दोन डोक्यांच्या पक्ष्यानं काय धरलंय? उत्तर पाठवलं की झालं. खड्डा नाही, डबा नाही, काकांना वर कळवायची गरज नाही.

झाकणावर मराठीत लिहा. तुमचा डबा कुणाला सापडेल ते तुमच्या हातात नाही.

पुरू नका. दगड रचून नवीन रचना करू नका. विहीर, कडा, रेल्वेरूळ, विजेचा खांब यांपासून लांब राहा. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर ठेवावं असा अधिकृत खेळाचा नियम आहे, तोही पाळा.

पावसाळ्याआधी डबा पाहून या. वही ओली झाली की खेळ संपला.

मामानं टेकडीचा पत्ता छापायला नकार दिलाय, त्यामुळे इथं आकडे देत नाही. पण वाशिम जिल्ह्यात टेकड्यांची कमी नाही आणि जुन्या डब्यांचीही नाही. आई ओरडेल एवढंच. तुमचा डबा तुम्ही ठेवा, जमीनमालकाला विचारा आणि आकडे मला या पानाच्या पत्त्यावर पाठवा. शोधायला मी येईन.

सोबत एक शेळी आणायचा विचार आहे.